पुढं घ्या, पुढं घ्या, बस्स

१५ जून २०२४, शनिवार. शाळेचा पहिला दिवस म्हणजे प्रवेशोत्सव. गुहागर तालुक्यातली आमची दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पट १९, पहिलीत नवीन मुलं तीन. तीन तर तीन, पण वाजतगाजत आणायची म्हणून सरांनी वाडीतला ढोल मागवला होता. गुलाबाची फुलं, फुगे, कोरी पुस्तकं, सगळा थाट. ढोलावर पहिली काठी पडली आणि तिघांतला एक आईचा हात सोडवून सुसाट पळाला. शाळेमागच्या फणसाखाली सापडला, तेव्हा स्वतःचं मनगट दातांत धरून बसला होता. मी जवळ गेले, फूल पुढे केलं, म्हटलं, "सोहम, इकडे बघ. बाईंकडे बघ." त्यानं बघितलं नाही. म्हणाला, "पुढं घ्या, पुढं घ्या." मला वाटलं फूल मागतोय. मी फूल आणखी पुढे नेलं. तो किंचाळला.

आता मे २०२५ आहे, सुट्टी लागलीय, म्हणून बसून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, विशेष शिक्षिकाही नाही. डी.एड. करून बावीस वर्षं पाढे आणि बाराखडी शिकवणारी बाई आहे. ऑटिझम असलेल्या मुलाबद्दल असं काही त्या जूनमध्ये मला वाचायला मिळालं असतं तर चार चुका कमी झाल्या असत्या, एवढ्यासाठी हा खटाटोप. सोहम हे त्याचं खरं नाव नाही. हे सगळं त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवलंय, त्यांनी दोन ठिकाणी खोडायला लावलं, ते खोडलंय.

पहिले पाच आठवडे मी त्याला हट्टी समजत होते. घंटा झाली की कानावर हात. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, सर तो मनापासून बडवतात. खिचडी ताटात पडली की ताट उलटं. शिंपले, बाटल्यांची झाकणं, खडू, जे मिळेल त्याची सरळ रेघ. रेघेतलं एक झाकण कुणी हलवलं की पुन्हा मनगट दातांत. बोलणं म्हणावं तर "पुढं घ्या" आणि "बस्स", दिवसभर हेच दोन शब्द, कुठंही. मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायची. वीस मिनिटं मांडी घालून बसलाच पाहिजे, असा माझा नियम. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं.

अंगणवाडीताईंनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला वाटेत गाठलं. म्हणाल्या, "बाई, मी त्याच्या आयेला दोनदा बोलले होते. आजी ऐकत नाय. म्हणते त्याचा बापूस पण उशिराच बोलला." त्यांच्याकडे दोन वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्या माझ्यापर्यंत आल्या नव्हत्या, कारण मी मागितल्याच नव्हत्या. पहिलीला मूल येतं तेव्हा आपण दाखला आणि आधार मागतो. अंगणवाडीताईंकडे जाऊन "हे लेकरू कसं आहे" एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात. यंदा प्रत्येक नव्या मुलासाठी विचारणार आहे.

त्याच महिन्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं. शाळेत हे पथक वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. तोवर मी पंधरा दिवस वहीत टिपणं केली होती: तारीख, वेळ, आधी काय झालं, मग त्यानं काय केलं. मत काही नाही. पथकाच्या डॉक्टरबाईंनी ती पानं उभ्याउभ्या वाचली आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात ते) संदर्भचिठ्ठी लिहून दिली. शिक्षकांना एक सांगते: "मला वाटतं याला ऑटिझम आहे" असं पालकांना आपण म्हणू नये. ते आपलं काम नाही आणि आपल्याला ते कळतही नाही. पण "१० जुलैला घंटेनंतर तो १८ मिनिटं टेबलाखाली होता" हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं आणि डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

चिठ्ठी हातात घेऊन आईनं विचारलं, "ह्यो येडा आहे काय?" मी नाही म्हटलं. पुढं काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आधी कान तपासून घ्या, असं चिठ्ठीत होतं. ऐकूच येत नसेल तर पुढची सगळी तपासणी वेगळ्या वाटेनं जाते. ऑगस्टमध्ये चिपळूणला खाजगीत बेरा तपासणी ठरली, फी १८०० रुपये. यात डोक्याला तारा चिकटवून कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते बघतात. मूल झोपलेलं लागतं. त्यासाठी औषध देतात, पण आदल्या रात्री जागवून आणा म्हणतात. आई जागी राहिली, मुलाला जागं ठेवलं आणि सकाळच्या एसटीत खिडकीशी बसल्याबसल्या दोघंही गाढ झोपली. चिपळूणला उतरला तेव्हा पोरगं टवटवीत. औषध थुंकून टाकलं. दुसरी तारीख दहा दिवसांनी, नारळी पौर्णिमेनंतर. दुसऱ्या खेपेला वडिलांनी टेम्पोनं नेलं आणि वाटभर त्याच्याशी खेळत राहिले. झोपला. कान उत्तम.

गणपती ७ सप्टेंबरला होते. त्या काळात कोकणात कुणी कुठं जात नाही, उलट मुंबईच इकडे येते. म्हणून महिन्याच्या शेवटी रत्नागिरी ठरली. मी एक किरकोळ रजा टाकली. सगळ्याच शिक्षकांनी असं जावं असं मी म्हणणार नाही, पण त्या माऊलीला एकटीला पाठवणं मला जमेना. तवसाळच्या जेट्टीवरून फेरीबोटीनं जयगड, तिथून पुढं रत्नागिरी. आईचं एसटीचं तिकीट अर्धं, मुलाचंही अर्धं, त्यामुळे प्रवास फार महाग पडत नाही. महाग पडते ती बुडालेली मजुरी.

फेरीबोटीवर मला पहिल्यांदा एक वेगळा सोहम दिसला. इंजिनाचा धडधडाट, भोंगा, लोखंडी फळीवर गाड्यांचे दणके, आणि हा शांत. कठड्याला गाल टेकवून पाण्याकडे बघत उभा. माझ्या रुळाच्या तुकड्याला घाबरणारं पोर हेच का? मी वहीत तेवढं लिहिलं: "बोटीवर आवाजाचा त्रास नाही." का, ते विचारलं नाही.

त्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, मग मानसशास्त्रज्ञांनी दीड तास आईशी बोलत आणि सोहमबरोबर खेळत निरीक्षण केलं. आपल्याकडे यासाठी आयसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० च्या खाली बेरीज आली तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. सोहमचे ११२ आले. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी "स्वमग्नता" हा शब्द उच्चारला आणि लगेच म्हणाल्या की शब्दावर जाऊ नका, स्वतःत मग्न वगैरे काही नसतं, त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त टोचतं, आणि ते सांगायची त्याची रीत वेगळी आहे. परतीच्या बोटीत आई गप्प होती. जेट्टीवर उतरल्यावर म्हणाली, "म्हणजे माझं काय चुकलं नाय ना बाई?" त्या मॅडमनी हेच तीनदा सांगितलं होतं. तरी तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं.

आता कागदांबद्दल, कारण इथंच माझ्या हातून घोळ झाला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो: आधार, फोटो, राहण्याचा पुरावा, ओटीपीसाठी चालू मोबाइल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात तो नव्हता. अर्ज मी शाळेच्या दाखल्यावरून भरला. दाखल्यावर जन्मतारीख एक, आधारवर दुसरी. वडिलांच्या आडनावात एक वेलांटी इकडची तिकडे. अर्ज परत आला. मग ग्रामपंचायतीतून जन्मदाखला, आधार केंद्रावर दुरुस्ती, पुन्हा अर्ज. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर त्यातच गेले. तेव्हा आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा, मगच पोर्टल उघडा. कार्ड येईपर्यंत थेरपी थांबवायची नसते, हेही तेव्हाच कळलं. बरेच जण थांबतात.

थेरपी सुरू झाली आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

ऑक्टोबरअखेर सोहमच्या भोवती माणसं किती होती बघा. चिपळूणच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (अंगाच्या संवेदना आणि रोजच्या हालचालींवर काम करणाऱ्या), आठवड्यातून एकदा, ६०० रुपये. त्याच इमारतीत वाचाउपचार करणाऱ्या ताई, पंधरा दिवसांतून एकदा, ५०० रुपये. रत्नागिरीच्या मानसशास्त्रज्ञ, दीड महिन्यांनी एकदा. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षिका, ज्या गट साधन केंद्रातून पंधरवड्याला आमच्या शाळेत येत. मी. अंगणवाडीताई. घरात आई, आजी, आणि वडील, जे पहाटे तीनला टेम्पो काढतात.

आणि प्रत्येकाचा गृहपाठ वेगळा. वाचाउपचारवाल्या ताईंनी सांगितलेलं, त्यानं बोलून मागितल्याशिवाय वस्तू देऊ नका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणाल्या, सध्या त्याच्यावर कसलाही ताण नको, आधी अंग शांत होऊ द्या. विशेष शिक्षिकेनं चित्रांचं वेळापत्रक दिलं. मी म्हणत होते वीस मिनिटं बसवा. आजी मोबाइल हातात देऊन जेवू घालत होती. यातलं एकटं एकटं घेतलं तर बहुतेक बरोबर होतं (माझं सोडून). पण ते सगळं मिळून एका सहा वर्षांच्या पोराच्या अंगावर एकदम पडत होतं. दिवाळीआधी त्याची झोप रात्री तीन-चार तासांवर आली आणि मनगटावर घट्टा पडला.

एका दुपारी आई शाळेच्या दारात आली. हातात चार कागद. म्हणाली, "बाई, भूक लागली म्हणून तो भाताच्या टोपाकडे मला ओढतोय. ह्या ताई म्हणतात बोलल्याशिवाय देऊ नको. त्या ताई म्हणतात रडवू नको. मी कुणाचं ऐकू?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण एवढं दिसलं की ही चार माणसं एकमेकांशी कधी बोललीच नव्हती. निरोप नेणारी एकच, आई, आणि ती दमली होती.

सगळ्यांना एकदा एकत्र बसवायचं ठरवलं तर ते काही सोपं निघालं नाही. विशेष शिक्षिकेकडे तालुक्यातल्या कितीतरी शाळा. प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं प्रमाण कागदावर आहे, आणि ती पदं मंजूर करा असं सर्वोच्च न्यायालयानं यंदा मार्चमध्ये राज्यांना सांगितलंय. आमच्याकडच्या विशेष शिक्षिका मानधनावर आहेत आणि स्वतःच्या स्कूटीवर घाट चढतात. दोन्ही थेरपिस्टना शनिवारी सवड नाही. २० नोव्हेंबरला विधानसभेची निवडणूक, म्हणजे त्याआधी प्रशिक्षण, मग ड्यूटी, मग पेट्या जमा करून पहाटे घरी. शेवटी ७ डिसेंबर, शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकरा, असं ठरलं.

आधी मी एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं. आईवडिलांकडून साध्या कागदावर लेखी संमती घेतली, की सोहमचे अहवाल या-या माणसांनी एकमेकांना दाखवायला आमची हरकत नाही. नावं लिहून, खाली सह्या. त्याशिवाय थेरपिस्ट दुसऱ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मानसशास्त्रज्ञ मॅडमना येणं शक्य नव्हतं, त्यांनी एक पानी टिपण पाठवलं.

नेटवर्क वर्गात येत नाही. ते येतं शाळेमागे, फणसाच्या बुंध्याशी, तेही उत्तरेकडच्या बाजूला. म्हणून बैठक तिथंच. बाकावर मोबाइल टेकवला, त्यात दोन थेरपिस्ट. समोर चटईवर विशेष शिक्षिका, सर, अंगणवाडीताई, आई, आजी आणि मी. वडील चपला काढून बाजूला उभे, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सोहम झाकणांची रेघ लावत होता.

पहिली पंधरा मिनिटं जो तो आपापलं सांगत होता. मीसुद्धा. मग विशेष शिक्षिकेनं विचारलं, "तो खुशीत कधी असतो?" आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. त्याला काय येत नाही याची यादी प्रत्येकीकडे होती. मी वही चाळली आणि वाचलं, "बोटीवर आवाजाचा त्रास नाही."

वडील हसले. पहिल्यांदाच बोलले. "तो होडीवरच वाढलाय बाई."

मग एकेक बाहेर आलं. ते हर्णै बंदरातून मासळी आणतात, दाभोळ-धोपावे फेरीबोटीनं. सोहम तीन वर्षांचा असल्यापासून दर रविवारी टेम्पोत त्यांच्या शेजारी. जेट्टीवर गाड्या बोटीत घेणारा माणूस हात हलवत ओरडतो, "पुढं घ्या, पुढं घ्या..." आणि गाडी जागेवर आली की, "बस्स!" "इथून निघायचं असलं की तो पुढं घ्या बोलतो. पुरे झालं की बस्स. घरात मला तर कळतं."

मोबाइलमधला आवाज थोडा तुटत आला. वाचाउपचारवाल्या ताई म्हणत होत्या, "म्हणजे तो मागतोय की. ऐकलेलं आख्खं वाक्य उचलून तो अर्थासकट वापरतोय. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं भाषा अशीच शिकतात. मी इतके दिवस त्याला 'पाणी दे' म्हणायला लावत बसले, आणि त्याचा शब्द मला माहीतच नव्हता." बोलून मागेपर्यंत देऊ नका, ही सूचना त्यांनी तिथल्या तिथं मागे घेतली. ओढत नेलं तर तेही मागणंच, लगेच द्या आणि देताना तो शब्द आपण म्हणा, एवढंच करा म्हणाल्या.

वडिलांनी आणखी एक सांगितलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. टेम्पो घरी उभा. म्हणजे ज्या महिन्यात आम्ही त्याला ढोल वाजवून शाळेत आणलं, त्याच महिन्यात त्याची रविवारची बोट बंद झाली होती. मला १५ जूनचा गुलाब आठवला. तो "मला इथून ने" म्हणत होता आणि मी फूल त्याच्या नाकाशी नेत होते.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी हनुवटी धरण्याचा विषय काढला, माझ्याकडे न बघता, हे त्यांचे उपकार. नजरेला नजर देणं काही मुलांना चटका बसल्यासारखं होतं, न बघता ती जास्त ऐकतात. ते बंद. बैठक ५० मिनिटं चालली. थेरपिस्टची त्या दिवशीची फी वडिलांनी दिली, आम्ही वाटून घेऊ म्हटलं तर ऐकलं नाही.

ठरलं ते असं. पुढच्या तीन महिन्यांसाठी उद्दिष्टं दोनच: रात्रीची झोप, आणि मनगट चावण्याआधी "बस्स" म्हणता येणं. अक्षरं, अंक, बोलणं, काही नाही. यावर सर नाराज होते, पहिलीच्या मुलाला अक्षर नको म्हणजे काय. पण नको म्हणजे नको. सूत्र एका माणसाकडे, विशेष शिक्षिकेकडे: कुणालाही नवं काही सुरू करायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं. आणि एक दोनशेपानी वही, ती दप्तरात राहील, घर-शाळा-चिपळूण-रत्नागिरी सगळीकडे जाईल, आणि प्रत्येकानं त्यात तीनच ओळी लिहायच्या. आई सातवीपर्यंत शिकलीय. ती म्हणाली मला लिहायला वेळ लागतो. मग तिच्यासाठी झोपेच्या तासांची चौकट आखली, तिनं फक्त फुली मारायची.

वर्गात बदल छोटेच होते. घंटेआधी पहिलीतली एक मुलगी त्याला घंटेचं चित्र दाखवते, मग सर बडवतात, आणि सरांनी रुळाला गोणपाट बांधलंय, त्यामुळे ती आता "टण्ण" न वाजता "ठप्प" वाजते. तो वाचनाआधी पुस्तकांचा गठ्ठा कपाटातून व्हरांड्यात नेतो, जड ओझ्यानं त्याचं अंग स्थिर होतं. खिचडीतला साधा भात स्वयंपाकीणबाई आधी वेगळा काढतात, फोडणी नंतर. आणि वडिलांनी जुन्या जाळ्याची झोळी शिवून आणली. किती उंचीवर टांगायची, खाली काय अंथरायचं, किती वेळ बसू द्यायचं, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी व्हिडिओवर बघून ठरवलं, तोवर मी ती वापरू दिली नाही. जमिनीपासून वीतभर वर. जाळं अंगाभोवती आवळलं की तो डोळे मिटतो. बाकीच्या अठरा मुलांचाही तिथं नंबर लागतो, ही वेगळीच डोकेदुखी.

न जमलेलंही सांगते. चित्रांचं वेळापत्रक मी लॅमिनेट करून आणलं, पानाला २० रुपये, ८ पानं. त्याला प्लॅस्टिक सोलताना येणारा आवाज आवडला. तीन दिवसांत आठही पानं सोलली. आता चित्रं पुठ्ठ्यावर, उघडीच. दात घासणं अजून लढाई आहे. आजी अजून मोबाइल देते, पण जेवण झाल्यावर. आणि चिपळूणच्या आठवड्याच्या फेऱ्या परवडेनात म्हणून जानेवारीपासून पंधरवड्याला केल्या. थेरपिस्टनीच सुचवलं. घरी आणि शाळेत रोज तेच होणार असेल तर चालेल, म्हणाल्या.

जानेवारीत प्रमाणपत्राची तारीख मिळाली. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या. आम्ही या वेळी शहाणे झालो होतो. आदल्या रात्री नात्यातल्यांकडे मुक्काम, पिशवीत झाकणं, कोरडा भात, कानावर लावायचे हेडफोन, आणि विशेष शिक्षिकेचं अर्ध्या पानाचं पत्र: हा मुलगा हात लावल्यास घाबरतो, आधी सांगून मग लावावा, वडील सोबत असू द्यावेत. ते पत्र खिडकीवरच्या ताईंनी वाचलं आणि रांगेऐवजी व्हरांड्याच्या टोकाला बसवलं. प्रमाणपत्रावर ७० टक्के आले. ४० टक्के आणि त्यापुढं असलं की बहुतेक सवलती लागू होतात, ४० ते ८० मध्ये कार्ड पिवळं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्जही त्यावरच भरला. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. बिलं मात्र सगळी जपून ठेवावी लागतात. वडिलांनी जुनी फाडून टाकली होती.

एकूण खर्च? जूनपासून मार्चपर्यंत तपासण्या, थेरपी, प्रवास, झेरॉक्स धरून २१ हजारांच्या आसपास. बुडालेले दिवस वेगळे.

झोप फेब्रुवारीत सहा तासांवर आली. मनगटावरचा घट्टा अजून आहे, पण ताजं काही नाही.

मग शिमगा आला. १३ मार्चला होळी, त्यानंतर पालखी घरोघर. दर वर्षी ढोल-ताशे अंगणात आले की सोहम माळ्यावर आणि आई त्याच्याबरोबर. पालखीची ओटी आईला कधी भरता आली नव्हती. हे तिनं वहीत लिहिलं होतं, तीन ओळींच्या जागी दीड पान. विशेष शिक्षिकेनं त्यावर खाली लिहिलं, "गावकारांशी बोलू या का?" सर आणि वडील जाऊन बोलले. आठ दिवस आधीपासून घरी ढोलाचा आवाज मोबाइलवर, आधी अगदी बारीक, मग थोडा मोठा, तो "बस्स" म्हणाला की बंद. हे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी आखून दिलं होतं.

पालखी वळणावर आली तशी ढोल थांबला. नुसती झांज, तीही हळू. मी कुंपणाबाहेर उभी होते, आपण मध्ये नसलेलं बरं म्हणून. सोहम हेडफोन लावून वडिलांच्या खांद्यावर. आईनं ओटी भरली. पालखी नाचवायला भोयांनी खांद्यावर घेतली तेव्हा तो वाकला, पालखीच्या दांड्याला हात लावला, आणि भोयांना हातानं खुणावत ओरडला, "पुढं घ्या, पुढं घ्या!" लोक हसले. भोई खरंच दोन पावलं पुढं सरले. मग त्यानं तळहात उभा केला. "बस्स."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी फणसाखाली दुसरी बैठक झाली. या वेळी वडील चटईवर बसले. पुढच्या वर्षासाठी तिसरं उद्दिष्ट घालायचं की नाही यावर अर्धा तास वाद झाला. सरांना अक्षरं हवीत, आजीला त्यानं "आजी" म्हणायला हवंय, वाचाउपचारवाल्या ताई म्हणतात आणखी दोन महिने थांबा. ठरलं नाही. जूनमध्ये पुन्हा बसायचंय. मासेमारी तेव्हा बंद असेल, म्हणून रविवारी टेम्पो रिकामाच बोटीवर न्यायचा, असं वडिलांनी परस्पर जाहीर केलंय. डिझेलचं काय, असं आजीनं विचारलं, त्यावर ते काही बोलले नाहीत. प्रवेशोत्सवाला यंदा ढोल नाही. नवी वही आणलीय, पुन्हा दोनशेपानीच. जुनीची शेवटची बारा पानं कोरी राहिलीत, ती आईनं फाडू दिली नाहीत.